मोज्यातला पाना

परवा सकाळी कुकरची मूठ माझ्या हातात आली. कुकर शेगडीवर, डाळ कुकरात आणि मूठ तेवढी हातात. शाळेची वेळ झालेली. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सर, जरा येता का?" आणि मग आठवलं, भिंतीपलीकडे आता सर नाहीत. त्या घरात एक नवं जोडपं भाड्यानं राहतं. माणसं भली आहेत, पण त्यांच्याकडे साधा स्क्रूड्रायव्हर नाही.

कापगते सर शेजारी होते तोवर फुलचूरच्या आमच्या गल्लीत अशी मूठ सुटायची बिशाद नव्हती. सरांनी जन्मभर आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकची पोरं शिकवली. निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या दारात उभे.

"बाई, तुमच्या गेटची कडी मी रोज जाता-येता पाहून राहिलो. आज टाईम हाये."

कडी झाली, मग गेट झालं, मग माझ्या स्कूटीचा स्टँड, मग कुकर. चहाला बसा म्हटलं तर खुर्ची आधी उलटी करून पाहायचे, तिचे स्क्रू कसायचे, मगच बसायचे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, सरांच्या खिशात दहा-अकराचा छोटा पाना. त्या वजनानं खिसा नेहमी एका बाजूला ओघळलेला. मालतीवहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, शेवटी कंटाळून सगळ्या शर्टांच्या खिशांना आतून दुहेरी कापड लावलं. एवढं असून सरांच्या स्वतःच्या चष्म्याची काडी मात्र दोऱ्यानं बांधलेली! विचारलं तर म्हणायचे, "एवढा बारका स्क्रू, त्याले काय कसाचं? त्यात मजा नाई."

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "पहिल्यांदा हात कसते, दुसऱ्यांदा डोकं कसते." कोणतीही वस्तू एकदा कसली म्हणजे काम झालं हे त्यांना मान्यच नव्हतं. नवी वस्तू वापरात आली की बसते, बसली की ढिली पडते, म्हणून एकडाव अजून. हे तत्त्वज्ञान मी इतक्यांदा ऐकलं की आठवीच्या वर्गात भूगोल शिकवताना गाळाचे थर कसे बसतात ते सांगू लागले की मला सरच दिसायचे.

गल्लीतल्या पटल्यांच्या नातवाचं बारसं होतं. पाळणा टांगलेला, फुलं लावलेली, आणि वरचा हूक कुर्र कुर्र करतोय. सरांच्या कानात तो आवाज गेला मात्र, झालं! बायका येईपर्यंत सर स्टुलावर चढून पाना चालवून मोकळे. मग गाणं सुरू झालं, आत्यानं पाळण्याला हात लावला, तर पाळणा जागचा हलेना. आत्या रेटतेय, बायका हसू दाबत गातायत, बाळ आत टुकुटुकु पाहतंय.

मालतीवहिनी भर बारशात कडाडल्या, "अवो, पोराचं नाव ठेवाचं हाये, त्याले वेल्डिंग नाई कराचं!"

सर शांतपणे पेढा खात म्हणाले, "पडला तं नाई न?"

हा माणूस, हसावं की रागवावं, हे ठरवायलाच वेळ देत नसे.

एकदा त्यांनी आम्हाला त्यांच्या गावी नेलं, सडक अर्जुनीच्या पुढे. बस कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबली. लोक उतरले भजे खायला आणि सर उतरले चाकांचे नट पाहायला. वाकून एकेका नटावर पाना ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. ड्रायव्हर धावत आला. मला वाटलं, आता भांडण होणार. तर तो वाकून सरांच्या पाया पडला. सरांचाच विद्यार्थी!

"सर, डेपोतून चेक करूनच निघालो जी."

"डेपोनं हातानं पाह्यलं. आता डोक्यानं पाहून राहिलो."

बसमधला एक गोंदियाचा व्यापारी खिडकीतून ओरडला, "काकाजी, हो गया टाईट? अब चलें क्या?" एकही नट ढिला निघाला नाही. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीच ढिलं निघत नसे. पण सर जागेवर येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा असा प्रसन्न, की माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या प्लेटमधलं भजं त्यांना देऊन टाकलं.

त्या गावात मला सरांचं मूळ सापडलं. सर कोहळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या समाजातले, आणि कोहळ्याच्या घरी तलावाशिवाय बोलणं सुरू होत नाही. गावाला लागून त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला तलाव आहे. तलाव भरला की घरातले सगळे अनवाणी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, चालत जातात. उन्हाळ्यात जिथं नवी माती टाकली असेल, तिथं पाणी लागल्यावर ती बसते, म्हणून तिथं सगळे मिळून पुन्हा पायानं दाबतात. आणि जुन्या पाळीवर आले की फक्त वाकून हात ठेवतात, पुढे जातात. आम्हीही चाललो. माझ्या पायांना मुरूम टोचत होता आणि सर पुढून सांगत होते.

"लहान असताना मले या जुन्या पाळीवर ओल दिसली, बाई. हाताएवढी. मी म्हटलं, इथली माती उकरून नवी भरतो, मजबूत होईल. काडीनं उकरत गेलो, उकरत गेलो, अन् आतून पाणी सुटलं न! अख्खं गाव पोते घेऊन धावलं. आज्यानं पहिले थोबाडीत ठेवली. मग म्हणाला, 'बसली हाये थे. बसलेल्या पाळीवर हात ठेवावा, हात घालू नये.'"

मला ती गोष्ट फार आवडली. मी म्हटलं, "मग सर, हे नटांना लागू नाही का?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पाचवीतली. म्हणाले, "पाळ वेगळी, बाई. नट वेगळा."

हा नट वेगळा नाही, हे त्यांना पटवलं त्यांच्याच पोरीनं.

आशू, म्हणजे अश्विनी, सरांची एकुलती. रांगत होती तेव्हापासून हातात खुळखुळ्याऐवजी पाना. शिकली, गोंदियाला मोटरसायकलच्या वर्कशॉपमध्ये लागली, आणि शर्यतीत गाडी चालवायला लागली. त्यांच्या गावाकडे हिवाळ्यात शंकरपट भरतो. बैल पळवायची जी सरळ पट्टी, तिला आमच्याकडे दान म्हणतात. पट संपला, बैल घरी गेले, की पोरं त्याच दानीवर आणि बाजूच्या कापणी झालेल्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, मोटरसायकलींची शर्यत लावतात. पोरांत ही एकटी पोरगी. वहिनी देव पाण्यात ठेवायच्या आणि सर पाना खिशात.

आदल्या वर्षी काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिनाच्या वरचं झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते चार नटांनी दाबून बसवलेलं असतं. आशूनं ते नीट बसवलं होतं. शर्यत सुरू व्हायच्या जरा आधी, ती हेल्मेट आणायला गेली तेवढ्यात सरांनी "जरासं, एवढुसं" म्हणून एक नट कसला. खालचे आटे जुने, ते पान्यासोबत सोलून वर आले. आशू अख्खी शर्यत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पाहत होती. बापाशी ती होळीपर्यंत बोलली नाही. ताट वाढायची, पण बोलायची नाही. सर आमच्याकडे येऊन खुर्ची उलटी न करताच बसायचे, यावरून काय ते समजा.

आणि या वर्षी तर आशूचं सगळंच पणाला लागलेलं. कोइमतूरकडच्या एका रेसच्या टीमला मुलगी पाहिजे होती, गाडी चालवणारी आणि स्वतःच उघडून बांधणारी. त्यांनी कळवलं, इंजिन तू बांध, दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको, आणि शर्यतीत ते शेवटपर्यंत चाललं पाहिजे. नंबर नाही आला तरी चालेल. पाहायला त्यांचा माणूस येणार होता.

आशूनं नागपूरच्या एका शर्यतवाल्याची जुनी गाडी घेतली. इंजिन शर्यतीतच झिजलेलं. तिनं ते अंगणात उघडलं, नट ज्यांवर बसतात ते चारी स्टड बदलले, हेडखालचं गॅस्केट नवं टाकलं, आणि ठरलेल्या जोरावर टक् करून थांबणारा तो मोठा पाना असतो ना, त्यानं समोरासमोरचे नट आळीपाळीनं कसले. सर पायरीवर बसून पाहत होते. "एका बाजूनं कसलं तं हेड रुसते, खाटेची दोरी ओढतो तसं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात," असं ते आपल्याच गुडघ्यांना शिकवत होते. तिनं इंजिन चालवलं, रात्रभर थंड होऊ दिलं, आणि सकाळी पुन्हा एकदा कसलं. सरांचा जीव भांड्यात पडला. पण तो भांड्यात राहील तर ना!

"अन् शर्यतीच्या दिवशी? सरावाची फेरी झाल्यावर? तिसऱ्यांदा पाहाच लागते, आशू. जुनं रेसचं इंजिन हाये, भट्टीसारखं तापते. मागच्या मालकानं किती ताणलं, कोणाले माहीत."

"म्हणूनच तं नाई लावाचा, बाबा. ब्लॉकमधले आटे जुनेच हायेत. दोनदा कसलं, बसलं. आता काऊन छेडाचं त्याले? अन् तापलेल्या हेडले पाना लावू नये, हे कोण शिकवते पोराईले?"

"मीच शिकवतो."

"मंग? पाळीची गोष्ट कोण सांगते?"

सर उठून आत गेले. पाणी प्यायले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत गेले. मी भिंतीवरून पाहत होते. मला खरंच वाईट वाटलं त्यांचं. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही तोच नट दिसत होता.

संध्याकाळी आशू माझ्याकडे आली. "काकू, लाल नेलपॉलिश हाये का?" भाचीच्या लग्नाला घेतलेली होती माझ्याकडे, भडक. ती घेऊन तिनं प्रत्येक नटावर एक रेघ ओढली, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या हेडवर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटणार. "आता बाबांचा हात लागला का कळते," म्हणाली, आणि हसली. पण डोळ्यांत हसू नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. थंडीचं कोवळं ऊन, भज्यांचे ठेले, माईकवर एक जण हिंदी-मराठीची खिचडी करून ओरडतोय. सरावाची फेरी झाली. आशूनं गाडी एका बोरीच्या झाडाखाली लावली आणि ती रांगेतल्या जागेसाठी चिठ्ठ्या काढायला गेली. सर माझ्याजवळ आले, खिशातला पाना काढून माझ्या हातात दिला.

"बाई, हा तुमच्या पर्समध्ये ठेवा. अन् मी मागितला तरी देऊ नका."

"सर, तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

"डोक्याले माहीत हाये. हाताले समजत नाई."

पर्स बंद करून मी ती पोटाशी धरली. जरा वेळानं सर आले. "बाई, त्या खुर्चीचा पाय हालून राहिला, द्या जरा." मी म्हटलं, "हलू द्या." परत आले. "ठेलेवाल्याच्या स्टोव्हचा नट सुटला, स्फोट होईल न!" मी म्हटलं, "होऊ द्या." तिसऱ्यांदा मात्र चिडूनच आले. "पाना कोणाचा हाये? माझा हाये का तुमचा?" मीही काही कमी नाही. "सध्या माझा आहे," म्हटलं, "आणि जास्त बोललात तर तलावात टाकीन." ते पाय आपटत निघून गेले.

मी विजयी वीरासारखी वहिनींना हे सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "बाई, तुम्ही भोळ्याच्या भोळ्या! त्यायच्या मोज्यात पाह्यलं का?"

अगं बाई! आम्ही दोघींनी वळून पाहिलं. सर बोरीखाली गाडीपाशी उकिडवे बसलेले. आमच्याकडे पाठ. उजवा हात इंजिनापाशी. वहिनी ओरडायला गेल्या, पण माईकवाल्यानं त्याच वेळी देशभक्तीचं गाणं लावलं. आम्ही ढेकळं तुडवत निघालो, तोवर सर उठले, वाकून मोज्यात काहीतरी खुपसलं, आणि आशू आली.

"गेलं!" वहिनी म्हणाल्या. मटकन धुऱ्यावर बसल्या. आशूला सांगावं तर गाडी रांगेत लागलेली, न सांगावं तर मागच्या वर्षीचंच पुन्हा. सांगायला तोंड उघडलं आणि झेंडा पडला.

ती शर्यत मी पाहिली असं म्हणू शकत नाही. मी ऐकली. प्रत्येक फेरीला आशूचं इंजिन आमच्यासमोरून जाताना आवाज बदलतो का, एवढंच. एकदा बांधीतून धुऱ्यावर चढताना ते खोकलं आणि वहिनींनी माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी फुटली. सर आमच्यापासून दूर, एकटे उभे. दोन्ही हात काखेत. माईकवाला बोंबलत होता, "और ये देखिए, हमारी बिटिया, नटावानी घट्ट हाये, सुटून नाई राहिली!" त्याला बिचाऱ्याला काय माहीत तो काय बोलतोय.

आशू तिसरी आली. इंजिन शेवटपर्यंत चाललं. टीमचा माणूस, शिडशिडीत, मिशीवाला, थेट गाडीपाशी गेला आणि वाकला. आशू वाकली. मी वाकले, वहिनी वाकल्या. लाल रंग उष्णतेनं करपून विटकरी झाला होता. पण चारी रेघा सरळ होत्या. एकही तुटली नव्हती.

तो माणूस आशूशी हिंदीत काहीतरी बोलला, ती मान हलवत राहिली, मग हसली, मग रडली. मग वळून बापाकडे आली.

"बाबा, मोज्यात काय हाये?"

सरांनी वाकून पाना काढला. छोटा, चमकणारा.

"काऊन नाई लावला?"

"लावाले गेलो होतो." सर पान्याकडे पाहत होते. "रुमालानं धूळ पुसली. तेल पाझरून राहिलं का पाह्यलं, नाई. मंग टाकीवर नुसता हात ठेवला, बाई. बसलेलं होतं न." बोलत होते आशूशी आणि बाई म्हणत होते मला. त्यांचा गोंधळच उडाला होता. आशूनं त्यांच्या गळ्यात हात टाकले, हेल्मेटसकट. माझ्याच्यानं राहवलं नाही, मीही रडून घेतलं. वहिनी तेवढ्या खंबीर. त्यांनी सरांना दुसरा मोजाही काढायला लावला. त्यात स्क्रूड्रायव्हर निघाला.

पोरगी कोइमतूरला जाणार म्हटल्यावर सरांनी फुलचूरचं घर भाड्यानं दिलं आणि दोघं गावी राहायला गेली. "तलावाकडे पाहाले कोणी नाई," असं कारण सांगितलं. आशूची गाडी होती त्या दिवशी गोंदियाच्या स्टेशनवर मी गेले होते. सर वहिनींना घेऊन गावाहून आलेले. तोच ओघळलेला खिसा. त्यांनी बॅगेची चाकं पाहिली, बर्थची साखळी पाहिली, समोरच्या प्रवाशाच्या बर्थचीही पाहिली. तो बिचारा पाय वर घेऊन बसला. मग भोंगा झाला आणि आम्ही खाली उतरलो.

आशू दारात उभी होती. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

"बाबा, हे झाकण पाहा न. ढिलं वाटून राहिलं."

ते झाकण मीच घरून घट्ट लावून दिलं होतं. थेंब गळत नव्हता. सरांनी बाटली घेतली, झाकणावर हात ठेवला आणि पोरीकडे पाहिलं. मी अगदी शेजारी होते. त्यांची बोटं फिरली नाहीत. नुसता हात ठेवला होता.

"बसलं हाये," म्हणाले, आणि बाटली तिच्या हातात दिली.

गाडी हलली. वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या, आशू वाकून वाकून हात हलवत होती. सर हात हलवायचं विसरले. त्यांचा हात तसाच वर राहिला होता, झाकणाएवढा गोल.